हवा काढलेलं पाणी

आमच्या घरात जिला अडगळीची खोली म्हणतात, ती माझी बसायची खोली आहे. वारज्याला फ्लॅट घेतला तेव्हाच मी ती मागून घेतली होती. तिथे एक आरामखुर्ची, दोन स्पीकर आणि दोन्ही हातांनी उचलावा लागणारा एक जुना ॲम्प्लिफायर आहे. शिवाजीनगरच्या कोर्टात मी लघुलेखक होतो. नोकरीभर लोक बोलले, मी लिहून घेतलं, आणि त्यातलं खरं किती हे बऱ्याचदा न्यायाधीशांच्या आधी मला कळायचं. निवृत्तीनंतर कोणाचंही बोलणं ऐकायचं नाही, फक्त गाणं ऐकायचं, असं मी बायकोला सांगून टाकलं होतं. पूर्णिमाने ते मान्य केलं होतं, म्हणजे तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

माझी शांतता मोडली ती नाजिमाताईंनी. नाजिमाताई म्हणजे पूर्णिमाची मैत्रीण.

"भाऊजी, तुमचा ॲम्प्लिफायर थोडे दिवस हवा होता," एका सकाळी त्या दारातूनच म्हणाल्या.

"कोणतं गाणं ऐकायचंय?"

"मला नाही ऐकायचं. पाण्याला ऐकवायचंय."

मी पूर्णिमाकडे बघितलं. ती आधीच स्पीकरच्या वायरी काढायला लागली होती. म्हणजे माझी परवानगी हा निव्वळ शिष्टाचार होता.

या दोघी शनिवार पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. एकाच वर्षी लागल्या, एकाच वर्षी निवृत्त झाल्या, आणि मधल्या काळात एकमेकींचे डबे खाऊन दोघींची वजनं सारखीच वाढली. नववीला ध्वनीचा धडा आला की दोघी मुलींना पुस्तकाबाहेरची एक गंमत सांगायच्या. पाण्यात हवेचा एक बारीकसा बुडबुडा आवाजाच्या लाटांनी धरून ठेवता येतो. आवाज इतक्या उंच पट्टीचा की आपल्या कानांना तो ऐकूच येत नाही. प्रत्येक लाटेबरोबर बुडबुडा फुगतो आणि लगेच मिटतो. मिटताना आतली हवा इतकी दाबली जाते, इतकी तापते, की तिचा प्रकाश पडतो. नुसत्या आवाजाने पाण्यात उजेड! हे सांगून झालं की दरवर्षी एखादी मुलगी हात वर करायची आणि विचारायची, "बाई, तुम्ही बघितलाय?" दरवर्षी "नाही" म्हणावं लागायचं, आणि ते "नाही" नाजिमाताईंना कायम सलत राहिलं.

आता त्या पुणं सोडून निघाल्या होत्या. पती जाऊन बरीच वर्षं झालेली, भवानी पेठेतल्या घरात त्या एकट्या. मुलगा इमाद बंगळुरूला इंजिनियर. पोरगा गुणी, आई एकटी राहते याची त्याला खरोखर काळजी. त्याने तिच्यासाठी खोली रंगवून घेतली, पलंग आणला आणि रोज फोनवर विचारायला लागला, "अम्मी, कधी येताय?" नाजिमाताई हो म्हणाल्या, पण एका अटीवर. जन्मभर जे शिकवलं ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. "उजेड दिसला की दुसऱ्या दिवशी निघते," असा शब्द त्यांनी मुलाला दिला. इमादला हे पटलं. दुसऱ्या कोणाच्या मुलाला पटलं असतं असं मला वाटत नाही.

मग दोघी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत हिंडून सामान घेऊन आल्या. काचेचा गोल बुडाचा चंबू, त्याच्या दोन बाजूंना चिकटवायच्या नाण्याएवढ्या चकत्या, आणि हवा तो सूर काढून देणारं एक यंत्र. तो सूर माझ्या ॲम्प्लिफायरमधून मोठा होऊन चकत्यांत जायचा, चकत्या थरथरायच्या, आणि चंबूतल्या पाण्यात लाटा उठायच्या. माझ्या खिडकीला काळा कागद लागला. दाराच्या फटीत सतरंजी कोंबली गेली. दुपारची जेवणं झाली की दोघी आत शिरायच्या आणि मी हॉलमध्ये सोफ्यावर, निर्वासितासारखा.

पहिल्या दिवशी यंत्र सुरू झालं तेव्हा मला काहीही ऐकू आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या हिंदुरावांच्या कुत्र्याला मात्र आलं. त्याने असा काही गळा काढला की हिंदुराव स्वतः वर आले.

"साहेब, काय चाललंय वर? आमचा टायगर येड्यावानी करतोय."

"शास्त्रीय संगीत," मी म्हणालो.

"त्याला झेपत नाय ते," असं म्हणून ते खाली गेले.

पाण्याची कथा मला पूर्णिमाने समजावून सांगितली होती. साध्या पाण्यात हवा विरलेली असते. ती असली की बुडबुडा टिकत नाही. म्हणून पाणी खळखळून उकळायचं, हवा घालवायची आणि घट्ट झाकून गार करायचं.

"हवा घालवायची आणि मग त्यात हवेचाच बुडबुडा सोडायचा?" मी विचारलं.

"हो."

"मग घालवली कशाला?"

"तुमच्या कोर्टात नाही का, बाकीच्यांना बाहेर काढून एकालाच साक्षीला उभं करत? तसं."

मी विषय सोडला. शिक्षकाच्या नादी लागू नये.

पहिल्या दिवशी उजेड दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुडबुडे चंबूला चिकटायचे, वर जायचे, फुटायचे, पण मध्ये मात्र एकही थांबायचा नाही. संध्याकाळी इमादचा फोन यायचा आणि नाजिमाताई म्हणायच्या, "नाही रे बेटा, आज पण नाही." तिकीट पुढे ढकललं गेलं. मग आणखी पुढे ढकललं गेलं. आणि गंमत म्हणजे, रोज हरून बाहेर पडणाऱ्या या बायका दुःखी काही दिसायच्या नाहीत. चहा व्हायचा, भजी व्हायची, शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिकेची नक्कल व्हायची, आणि नाजिमाताईंना शेवटची बस गाठायला पळत जावं लागायचं. खटल्याला नुसत्या तारखा पडताहेत आणि तरी चेहऱ्यावर समाधान, हे मी फक्त वकिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एका सकाळी पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. पूर्णिमा ओट्याशी उभी होती. एक हात डोक्याच्या वर, त्यात पातेलं. दुसरा हात कमरेशी, त्यात दुसरं पातेलं. वरच्यातून खालच्यात पाण्याची वाफाळती धार पडत होती. मग खालचं वर गेलं आणि वरचं खाली आलं. आपल्या घरांत गरम काहीही गार करायची हीच रीत. पोराचं दूध असो, आजाऱ्याची पेज असो, नाहीतर घाईत प्यायचा चहा. खालच्या पातेल्यात छान फेस येत होता.

"हे चंबूतलं पाणी का?"

"हो. गार करतेय."

"झाकून गार करायचं होतं ना?"

"असं लवकर होतं."

"आणि हवा?"

तिचा हात वरच्या वर थांबला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. उलटतपासणीत साक्षीदार पहिल्यांदा अडखळतो, तो क्षण मला पाठ आहे.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." तिने पातेली खाली ठेवली. "पहिल्या दिवशी सवयीने झालं हो, अगदी शपथेवर. गरम पाणी दिसलं आणि हात आपोआप वर गेला. पण संध्याकाळी नाजिमा इमादला म्हणाली की तिकीट पुढे ढकल, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चूक माझीच होती. आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

"म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तू मुद्दाम..."

"मुद्दाम. ती गेली की मी कोणाशी बोलू? सकाळी उठल्यावर पहिला फोन मी तिला करते. तुमच्याशी बोलायचं म्हटलं तर तुम्ही गाणं ऐकत असता."

हे मला लागलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

"मग सरळ सांग ना तिला, जाऊ नकोस म्हणून."

"मुलगा बोलावतोय तिला. पोटचा मुलगा. मी कोण नको म्हणणारी?"

ती पुन्हा पातेली उचलून कामाला लागली. मी बाहेर येऊन बसलो आणि मला सुचेना काय करावं. बायकोचं दुःख खरं होतं. पण तिकडे ती दुसरी बाई रोज उन्हातान्हात भवानी पेठेतून निघते, स्वारगेटला बस बदलते, आशेने येते, आणि इथे तिच्या पाण्यात रोज हवा भरली जाते! मला नाजिमाताईंची दया आली आणि पूर्णिमाचा संताप आला. निदान खरं ते त्या बाईला दिसू दे, मग पुढे जे व्हायचं ते होईल, असं मी ठरवलं. हात दाखवून अवलक्षण करून घेणं यालाच म्हणतात, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा भाजी आणायला गेली तेव्हा मी स्वतः पाणी उकळलं. बाटलीत काठोकाठ भरून बूच ठोकलं आणि फ्रिजमध्ये ताकाच्या मागे दडवलं. जेवणं झाल्यावर ती पोळपाट घासत होती, तेवढ्यात चंबूतलं तिचं पाणी मोरीत ओतलं आणि माझं पाणी काचेच्या कडेने हळूहळू, अजिबात खळखळ न होऊ देता, आत सोडलं. मग दोघींना म्हणालो, "आज मीही आत बसतो."

"बसा," पूर्णिमा म्हणाली. "पण बोलायचं नाही."

"मी नोकरीच तशी केलीय."

दार बंद झालं. सतरंजी कोंबली. अंधाराला डोळे सरावेपर्यंत बसून राहायचं असतं, तसे आम्ही बसलो. नाजिमाताईंनी सूर लावला. खालून टायगरने साथ धरली. मग त्यांनी इंजेक्शनच्या सुईने पाण्याचा एक थेंब चंबूत टाकला, त्याबरोबर चार-दोन बुडबुडे आत गेले, आणि पूर्णिमाने विजेरी लावली.

एक बुडबुडा बरोबर मधोमध थांबला होता. खाली नाही, वर नाही. खसखशीच्या दाण्याहून लहान, पण ठाम.

"अडकला!" पूर्णिमा म्हणाली. तिच्या आवाजात आनंद अजिबात नव्हता. त्या उजेडात तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून आज संध्याकाळी मला भजी मिळणार नाहीत हे स्पष्ट झालं.

"अरे वा," नाजिमाताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज मला जरा कोरडाच वाटला.

"आता आवाज वाढवा की," मी म्हणालो. "वाढवला की उजेड पडतो ना?"

"घाई नको, भाऊजी."

"फुटेल तो," पूर्णिमा म्हणाली.

"हो, फुटेलच. थोडा कमीच करते," असं म्हणत नाजिमाताईंनी विजेरी बंद करायला लावली आणि ॲम्प्लिफायरच्या बटणाला हात घातला. त्या बटणाची किरकिर मला झोपेतही ओळखू येते. ते डावीकडे फिरत होतं. पूर्णिमाचं मी समजू शकत होतो, पण ही बाई का मागे सरतेय? जिच्यासाठी मी ताकामागे बाटली दडवली, तीच?

मला राहवलं नाही. खोली माझी, ॲम्प्लिफायर माझा, अंधारातही रस्ता पाठ. मी उठलो, "जरा सरका," म्हणालो आणि बटण उजवीकडे फिरवलं. सावकाश फिरवलं, गाण्यातली एखादी बारीक जागा ऐकायची असेल तेव्हा फिरवतो तसं.

आणि तो दिसला.

चंबूच्या मध्यावर एक निळसर ठिपका. टाचणीच्या टोकापेक्षा लहान. लुकलुकत नव्हता, हलत नव्हता, नुसता तेवत होता. ना ज्योत, ना वात, ना तार. गार पाणी आणि ऐकू न येणारा एक सूर, बस. या ॲम्प्लिफायरमधून मोठमोठे गवई माझ्याकडे येऊन गेले, पण इतकं सुंदर त्यातून आजवर काही आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

"दिसला!" मी ओरडलो.

कोणीच बोललं नाही.

"नाजिमाताई, दिसला ना?"

"काय, भाऊजी?"

"उजेड! हा काय समोर!"

"मला तर काही दिसत नाही."

"पूर्णिमा?"

"अंधारच आहे की सगळा. तुमचा चष्मा बदलायला झालाय."

दोन साक्षीदार एका वेळी फितूर झाले, तर त्यामागचं कारण एकच असतं. मी पुन्हा आरामखुर्चीत बसलो आणि अंधारात जमेल तेवढ्या शांतपणे म्हणालो, "नाजिमाताई, तुम्ही हे बटण रोज कमी करत होतात?"

बराच वेळ नुसता टायगर बोलत होता.

"रोज," शेवटी त्या म्हणाल्या. "तसा बुडबुडा थांबतच नव्हता, काही गरज नव्हती. पण मला भीती वाटायची, एखाद्या दिवशी थांबला तर?"

"तू पण?" पूर्णिमा म्हणाली.

"पण म्हणजे? आणखी कोण?"

"मी पाण्यात हवा भरत होते, नाजिमा. दोन पातेल्यांनी. रोज."

आधी एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, कोणीतरी रडतंय. मग कळलं की नाजिमाताई हसू दाबताहेत. मग दोघींचंही सुटलं. त्या काळोखात दोन निवृत्त विज्ञान शिक्षिका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत हसत होत्या आणि मला दोघींचाही राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट मला हेवा वाटला. मला थांबवून ठेवण्यासाठी कोणी कधी इतका खटाटोप केला होता का, असं मनात येऊन गेलं.

हसणं ओसरलं तरी ठिपका तेवतच होता. नाजिमाताईंनी डोळे पुसले असावेत. मग त्या चंबूच्या जवळ सरकल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"किती सुंदर आहे गं," त्या म्हणाल्या. "मुलींना सांगताना मला वाटायचं, पांढरा असेल."

"मला पण."

"आता नाही म्हणता येणार नाही. बघितला मी." त्यांचा आवाज खाली आला. "शब्द दिलाय इमादला. उद्या निघायला हवं."

यावर कोणी हसलं नाही. मला स्वतःचीच चीड आली. झाकली मूठ होती, ती मी उघडायला लावली. माझ्या शहाणपणाने माझ्याच बायकोची मैत्रीण उद्याच्या गाडीत बसणार होती.

तेवढ्यात पूर्णिमा बोलली. वर्गात बोलते तसं मोठ्याने नाही, हळू.

"नाजिमा, तू जाऊ नकोस."

"काय?"

"जाऊ नकोस. मला हे म्हणायचा हक्क नाही, माहितेय. तरी म्हणते. मला तुझ्यावाचून करमणार नाही."

"हे तू आधी म्हणायचं होतंस," त्या म्हणाल्या. "त्या बिचाऱ्या कुत्र्याचे हाल तरी वाचले असते."

फोन त्यांनी स्वतःच लावला. स्पीकरवर, आमच्या समोर.

"इमाद, दिसला."

"क्या बात है, अम्मी! मग उद्याचंच तिकीट काढू?"

"नको, बेटा." "मी येणार नाही. भेटायला येईन, महिना महिना राहीन, तुला कंटाळा येईपर्यंत राहीन. पण घर माझं इथेच. हे मी आधी सांगायला हवं होतं. तुझं मन मोडेल म्हणून त्या उजेडाच्या आड लपून बसले होते."

पूर्णिमाने नाजिमाताईंचा हात धरलेला मला त्या पुसट प्रकाशात दिसला, की भास झाला, सांगता येत नाही.

"मी खोली रंगवली होती, अम्मी," इमाद म्हणाला. एवढा मोठा इंजिनियर, पण आवाज शाळेतून रुसून आलेल्या पोरासारखा.

"माहितेय, राजा. फोटोत बघितली. रंग फार छान आहे. त्या खोलीत दुसऱ्या कोणाला झोपू देऊ नकोस, मी येतच राहणार आहे."

मग तो घसा खाकरून म्हणाला, "बरं, निदान दाखवा तरी मला. एवढं काय आहे त्यात, बघू दे."

नाजिमाताईंनी व्हिडिओ सुरू केला आणि फोन चंबूसमोर धरला. फोनच्या उजेडाने आमचे डोळे दिपले, म्हणून पूर्णिमाने पदराने पडदा झाकला.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"काही नाही, मावशी. नुसतं काळं."

"जवळ नेते," नाजिमाताई म्हणाल्या. "आता?"

"आता पण काळंच."

"फोनमध्ये येत नाहीये तो, बेटा. फार बारीक आहे. समोर बसून, डोळे सरावेपर्यंत थांबून बघावा लागतो."

"मग मी कसा बघणार?"

"इथे येऊन," नाजिमाताई म्हणाल्या. "आजवर मीच तुझ्याकडे यावं असं म्हणत होतास. एकदा तू ये ना."

खाली टायगर थकून गप्प झाला होता.

"शनिवारी सुट्टी आहे मला," इमाद म्हणाला.